इंग्रजीनं काय घेतलं, काय राखलं

१३६२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं एक कायदा केला. तिसरा एडवर्ड तेव्हा गादीवर होता. कायद्यामागची तक्रार साधी होती. कोर्टात खटला चालतो फ्रेंचमध्ये आणि देशात फ्रेंच फारसं कोणाला कळत नाही, त्यामुळे आपल्या बाजूनं काय बोललं गेलं आणि विरोधात काय, हे पक्षकाराला समजतच नाही. म्हणून यापुढे युक्तिवाद इंग्रजीत व्हावा आणि नोंदी लॅटिनमध्ये ठेवाव्यात, असं ठरलं. इंग्रजीची बाजू घेणारा हा कायदा लिहिला गेला तो मात्र फ्रेंचमध्ये.

आपल्याकडे इंग्रजी म्हणजे साहेबाची, हुद्द्याची, मोठ्या पगाराची भाषा. इंग्लंडातच तिला एकेकाळी कोर्टाची पायरी चढायला कायद्याचा आधार घ्यावा लागला, हे सहज पचत नाही. पण १०६६ नंतरची जवळपास तीनशे वर्षं ती नांगर धरणाऱ्यांची, गुरं राखणाऱ्यांची आणि स्वयंपाकघरातल्या नोकरांची भाषा होती. राजा तिच्यात बोलत नव्हता, न्यायाधीश तिच्यात निकाल देत नव्हता आणि शाळामास्तर तिच्यात शिकवत नव्हता.

त्या काळाच्या खुणा तिच्या शब्दसंग्रहावर आजही आहेत. १९७३ साली शॉर्टर ऑक्सफर्ड शब्दकोशातल्या सुमारे ८० हजार शब्दांची मुळं मोजली गेली. फ्रेंच आणि लॅटिन मिळून निम्म्याहून जास्त निघाले. इंग्रजीच्या स्वतःच्या, म्हणजे जर्मानिक कुळातले शब्द भरले साधारण एक चतुर्थांश. याच आकड्यांच्या जोरावर इंग्रजीला मोठ्या मनाची, सगळ्यांना सामावून घेणारी भाषा म्हणायची पद्धत पडली आहे. हे कौतुक फार भाबडं आहे. भाषा शब्द घेते ते कोणाच्या तरी हाताखाली, कोणाच्या शेजारात, कोणाच्या शाळेत किंवा कोणाच्या छाताडावर बसून. इंग्रजीनं या चारही परींनी शब्द घेतले, आणि प्रत्येक वेळी घेतलेल्या शब्दांची जात वेगळी होती.

तीन लिंगांची इंग्रजी

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्तेनं ब्रिटनमधून हात काढून घेतला. त्यानंतर आजचा डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीचा किनारा इथून अँगल, सॅक्सन आणि जूट टोळ्या समुद्र ओलांडून आल्या. त्यांच्या बोलींतून जुनी इंग्रजी घडली. बेटावर आधीपासून राहणाऱ्या केल्टिक लोकांच्या भाषेतून तिनं जवळजवळ काहीच घेतलं नाही. उरली ती मुख्यतः नद्यांची आणि ठिकाणांची नावं. टेम्स तिथलंच, एव्हनही तिथलंच. हटवलेल्या माणसांचे शब्द घ्यायची गरज नव्यानं आलेल्या मालकांना क्वचितच वाटते. शेती, घर, नाती, शरीर यांचे शब्द टोळ्यांनी बरोबर आणलेच होते.

ती जुनी इंग्रजी आजच्या इंग्रज माणसाला परकी वाटेल. मराठी माणसाला तिची घडण कदाचित जास्त ओळखीची वाटेल. तिला विभक्त्या होत्या आणि तीन लिंगं होती. सूर्य स्त्रीलिंगी होता, चंद्र पुल्लिंगी, दगड पुल्लिंगी आणि बाईसाठीचा 'वीफ' हा शब्द चक्क नपुंसकलिंगी. 'तो दरवाजा, ती खिडकी, ते दार' यांची कारणं विचारणाऱ्या परभाषकाला आपण जसं काही सांगू शकत नाही, तीच गत तिथेही होती.

नात्यांचे शब्द तर आपल्याच घरातले वाटावेत असे होते. वडिलांचा भाऊ 'फॅडेरा', आईचा भाऊ 'एआम', वडिलांची बहीण 'फाथू' आणि आईची बहीण 'मोद्रिये'. काका, मामा, आत्या, मावशी ही चारही नाती तिथं वेगळ्या नावांनी नांदत होती. ती कुठे गेली, ते पुढे येईल.

लॅटिनशी तिची ओळख जुनीच होती. रोमन सैनिकांशी आणि व्यापाऱ्यांशी संबंध असताना, बेटावर येण्याआधीच, या टोळ्यांनी 'वाइन', 'चीज', 'स्ट्रीट', 'वॉल' उचलले होते. ५९७ साली ऑगस्टीन नावाचा धर्मोपदेशक केंटमध्ये उतरला आणि ख्रिस्ती धर्माबरोबर 'बिशप', 'कँडल', 'स्कूल' आले. नवी वस्तू आली की तिचं नावही येतं. सगळ्या भाषांत हे घडतं, त्यात नवल काही नाही.

शेजाऱ्यांनी दिलेली सर्वनामं

नवल पुढे आहे. ७९३ साली लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर व्हायकिंगांनी धाड घातली. पुढच्या शतकात ते लुटून परतण्याऐवजी फौज घेऊन राहायलाच आले. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड यानं ८७८ साली एडिंग्टनच्या लढाईत त्यांना रोखलं, पण उत्तर आणि पूर्व इंग्लंडचा मोठा पट्टा डॅनिश अमलाखाली गेला. 'डर्बी', 'व्हिटबी', 'ग्रिम्सबी' अशी 'बी'नं संपणारी शेकडो गावं त्या वस्तीची आहेत. 'बी' म्हणजे त्यांच्या भाषेत गाव.

धाडी थांबल्यावर शेजार सुरू झाला. या व्हायकिंगांची नॉर्स भाषा आणि जुनी इंग्रजी एकाच कुळातल्या असल्यानं एकमेकांचं बरंचसं बोलणं कळत असावं. सोयरिकी झाल्या, बाजार भरले, बांधाला बांध लागला. या नात्यातून आलेले शब्द पाहा: 'एग', 'नाइफ', 'स्किन', 'लेग', 'स्काय', 'विंडो', 'हजबंड', 'टेक', 'गेट', 'डाय'. यांत दरबार नाही, चैन नाही, विद्वत्ता नाही. रोजचं जगणं आणि मरणं आहे. एकाच मुळाचे दोन शब्दही शेजारी शेजारी राहिले. 'शर्ट' इंग्रजी आणि 'स्कर्ट' नॉर्स, पुढे दोघांनी अंगावरच्या जागा वाटून घेतल्या.

सर्वांत मोठी उसनवारी सर्वनामांची. 'दे', 'देअर', 'देम' हे शब्द नॉर्समधून आले. भाषा नामं सहज घेते, क्रियापदं जरा कुरकुरत घेते, सर्वनामं मात्र सहसा घेत नाही. मराठीनं फारसीतून हजारो शब्द घेतले, तरी 'मी, तू, तो' यांच्या जागी फारसी सर्वनाम बसलं नाही. इंग्रजीनं ते केलं, कारण देणारा मालक नव्हता, बरोबरीनं राहणारा माणूस होता. याच संपर्कात विभक्तिप्रत्ययांची झीज वेगानं झाली, असं बहुतेक भाषाभ्यासक मानतात. दोन जवळच्या भाषांची माणसं बोलताना धातू ओळखू येतात आणि शेवटचे प्रत्यय अडतात. मग प्रत्यय गळतात. लिंगंही त्याच वाटेनं गेली.

मालकांची भाषा

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्रज राजा हॅरॉल्ड मारला गेला आणि नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडचा राजा झाला. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, त्यानं सगळ्या राज्याच्या जमिनीची मोजदाद करवून घेतली. 'डूम्सडे बुक' नावाच्या त्या दप्तरात बड्या जमीनदारांमध्ये इंग्रज नावं जवळपास उरलेली नाहीत. जमिनी गेल्या, मठ-चर्चची मोठी पदं गेली, आणि लेखणीही गेली. जुन्या इंग्रजीत शतकानुशतकं लिहिली गेलेली बखर पीटरबरोच्या मठात ११५४ पर्यंत तग धरून थांबली.

लोकांनी मुलांची नावंही बदलली. 'लिओफ्रिक', 'एथेलरेड' मागे पडून घरोघरी 'विल्यम', 'रॉबर्ट', 'रिचर्ड', 'हेन्री' पाळण्यात आले. आज ही नावं अस्सल इंग्रजी म्हणून ओळखली जातात, पण ती जेत्यांची आहेत.

मालकाकडून आलेले शब्द मालकाच्या कामाचेच असतात. 'कोर्ट', 'जज', 'जस्टिस', 'प्रिझन', 'टॅक्स', 'गव्हर्नमेंट', 'पार्लमेंट', 'आर्मी' हे सगळे फ्रेंच. वाड्यातल्या ताटातलं 'बीफ', 'मटन', 'पोर्क' फ्रेंच, आणि गोठ्यातली 'काऊ', 'शीप', 'पिग' इंग्रजी. वॉल्टर स्कॉटनं १८१९ च्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडून ही गंमत सांगितली आणि ती जगभर गेली. वस्तुस्थिती थोडी अधिक गुंतागुंतीची आहे, कारण जिवंत जनावरालाही 'बीफ' म्हणण्याची रीत पुढे बराच काळ चालू होती आणि ही काटेकोर वाटणी नंतर पक्की झाली. पण रांधणारा कोण आणि जेवणारा कोण, हे त्या शब्दांवरून आजही कळतं.

कायद्याच्या भाषेत तर फ्रेंचनं घरच केलं. 'अटर्नी जनरल' या पदनामात विशेषण नामाच्या मागे येतं, कारण ती फ्रेंच रचना आहे. भारताच्या संविधानातही ते पद त्याच क्रमानं आलं. 'गुड्स अँड चॅटल्स', 'ब्रेकिंग अँड एंटरिंग' अशा जोड्यांत पहिला शब्द इंग्रजी आणि दुसरा फ्रेंच आहे. 'वकील', 'फिर्याद', 'दावा', 'जामीन', 'मुद्दत' हे अरबी-फारसी शब्द रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला यात नवं काही वाटणार नाही. न्याय ज्यांच्या हातात, न्यायाचे शब्द त्यांचे.

फ्रेंच घरात कुठवर शिरलं, हे नात्यांवरून दिसतं. 'फादर', 'मदर', 'सन', 'डॉटर', 'ब्रदर' जागचे हलले नाहीत. उंबऱ्याबाहेरची नाती मात्र गेली. 'अंकल', 'आंट', 'कझिन', 'नेफ्यू', 'नीस' सगळे फ्रेंच. 'फॅडेरा' आणि 'एआम' या दोघांच्या जागी एकटा 'अंकल' बसला, 'फाथू' आणि 'मोद्रिये' यांच्या जागी एकटी 'आंट'. 'अंकल'चं लॅटिन मूळ मामासाठीचं आहे आणि 'आंट'चं आत्यासाठीचं, पण फ्रेंचमधून येईपर्यंत तो फरक पुसला गेला होता. म्हणजे इमारतीतल्या शेजाऱ्यापासून रिक्षावाल्यापर्यंत ज्याला त्याला 'अंकल' म्हणणारं आपलं पोर जो शब्द वापरतं, त्यानं एकदा एका भाषेतले काका आणि मामा दोन्ही पुसून टाकलेले आहेत.

परतीची वाट

उसन्या शब्दांबद्दलचा आपला नेहमीचा समज इथे तपासून पाहावा लागतो. इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा कधी आला? सत्ता गेली त्या १०६६ नंतर लगेच नाही. पहिली दोनशे वर्षं हे शब्द थोडे थोडे झिरपत होते. खरा पूर आला १२५० ते १४०० या काळात. मध्ययुगात आलेल्या फ्रेंच शब्दांचा अंदाज सुमारे १० हजारांचा आहे आणि त्यांतले तीन चतुर्थांश आजही वापरात आहेत. पण हाच तर फ्रेंच मागे हटण्याचा आणि इंग्रजी वर येण्याचा काळ!

त्याचं कारण असं. १२०४ साली इंग्लंडच्या राजानं नॉर्मंडी गमावली. सरदारांना समुद्राच्या एका बाजूची जमीन निवडावी लागली आणि इंग्लंडमध्ये राहिलेले पिढ्यान् पिढ्या इंग्रज होत गेले. त्यांच्या मुलांची घरची भाषा इंग्रजी झाली. पण कायदा, युद्ध, पोशाख, प्रेम यांबद्दल बोलायची सवय फ्रेंचमध्ये झालेली. ते इंग्रजीत आले ते आपले शब्द बरोबर घेऊन आले. म्हणजे शब्दांचा पूर हा इंग्रजी बुडत असल्याचा नव्हता. मोठी कामं तिच्यात पुन्हा सुरू झाल्याचा तो पुरावा होता.

१३४८-४९ च्या महामारीनं हे आणखी पुढे नेलं. लोकसंख्येचा मोठा हिस्सा मेला, मजुराचा भाव वाढला आणि त्याच्या भाषेचंही वजन वाढलं. त्या शतकातली शाळेच्या माध्यमाची हकिगत तर आजच्या पालक सभेत सांगावी अशी आहे. रॅनल्फ हिग्डन नावाच्या मठवाशी इतिहासकारानं महामारीपूर्वी तक्रार लिहून ठेवली होती: इंग्लंडमधल्या मुलांना स्वतःची भाषा सोडून फ्रेंचमध्ये धडे घोकावे लागतात, आणि खेड्यातली माणसंही प्रतिष्ठित दिसावं म्हणून फ्रेंच बोलायला धडपडतात. जॉन ट्रेव्हिसा या पाद्र्यानं त्याच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर करताना त्यात आपली भर घातली. महामारीनंतर जॉन कॉर्नवॉल नावाच्या शिक्षकानं हे बदललं आणि आता, म्हणजे १३८५ साली, इंग्लंडच्या सगळ्या व्याकरणशाळांत मुलं इंग्रजीतून शिकतात, असं तो सांगतो. फायदा हा की व्याकरण लवकर येतं. तोटा असा की मुलांना आता फ्रेंच अजिबात येत नाही आणि परदेशी गेल्यावर त्यांची पंचाईत होते. फायदा-तोटा दोन्ही मांडणारं इतकं समंजस टिपण माध्यमाच्या वादात आजही क्वचित सापडतं.

१३९९ मध्ये गादी मिळवलेला चौथा हेन्री हा नॉर्मन विजयानंतरचा इंग्रजी मातृभाषा असलेला पहिला राजा मानला जातो. राज्यावर हक्क सांगताना तो पार्लमेंटमध्ये इंग्रजीत बोलला. त्याचा मुलगा पाचवा हेन्री यानं १४१७ पासून फ्रान्सच्या मोहिमेवरून मायदेशी पत्रं इंग्रजीत पाठवायला सुरुवात केली. १४२२ मध्ये लंडनच्या मद्य गाळणाऱ्यांच्या संघानं राजाचा दाखला देत आपलं दप्तर इंग्रजीत ठेवायचं ठरवलं. राजा, व्यापारी, मास्तर असे एकेक जण वळले. कोर्टाच्या लेखी नोंदी मात्र हटल्या नाहीत. त्या पूर्णपणे इंग्रजीत आणणारा कायदा अमलात आला तो १७३३ साली, एडवर्डच्या कायद्यानंतर ३७१ वर्षांनी.

परत आलेली इंग्रजी एकसंध नव्हती. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, आणि कोणत्या इंग्रजीत छापायचं, हाच त्याचा पेच होता. १४९० च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं एक प्रसंग दिला आहे. टेम्सवर वारा पडल्यानं अडकलेले काही व्यापारी किनाऱ्यावर उतरले आणि त्यांतल्या एकानं एका बाईकडे 'एग्ज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. त्याला राग आला, कारण त्यालाही येत नव्हतं. दुसऱ्यानं 'आयरन' म्हटल्यावर तिला अंडी हवीत हे कळलं. बाई जुना इंग्रजी शब्द धरून होती आणि व्यापाऱ्यानं डॅनिश शेजाऱ्यांकडून आलेला वापरला होता. शेवटी परका 'एग'च टिकला.

छपाईनं स्पेलिंगं गोठवली, आणि नेमके त्याच सुमारास इंग्रजीचे दीर्घ स्वर बदलत होते. लिहिण्यात जुना उच्चार राहिला आणि तोंडात नवा आला. त्यात पंडितांची भर. फ्रेंचमधून आलेल्या 'डेट' या कर्जवाचक शब्दात त्याचं लॅटिन मूळ दिसावं म्हणून न उच्चारायचा 'बी' घुसवला गेला. आपल्या मुलांचे स्पेलिंगच्या चाचणीतले अर्धे मार्क या दोन कारणांनी गेलेले असतात.

दौतीचे शब्द

सोळाव्या शतकात इंग्रज माणूस स्वतःहून लॅटिन-ग्रीकच्या शाळेत जाऊन बसला. विज्ञान, वैद्यक, तत्त्वज्ञान इंग्रजीत आणायचं होतं आणि त्यासाठी शब्द हवे होते. लेखकांनी ते पोत्यानं आणले. विरोधकांनी त्यांना 'दौतीचे शब्द' म्हणून हिणवलं. १५५३ मध्ये टॉमस विल्सननं वक्तृत्वावरच्या पुस्तकात असल्या शब्दांनी भरलेलं एक हास्यास्पद पत्र छापलं. त्यात हसण्यासाठी घातलेले 'कपॅसिटी', 'सेलिब्रेट', 'डेक्स्टेरिटी' आज कुणालाही खटकत नाहीत. त्याच पत्रातला 'इन्जंट' मात्र मेला. कोणता शब्द जगेल, हे विल्सनला ठरवता आलं नाही.

केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक सर जॉन चीक याहून कडक. बायबलमधल्या मॅथ्यूच्या भाषांतरात त्यानं शंभर सैनिकांवरच्या रोमन अधिकाऱ्याला 'हंड्रेडर' केलं आणि पुनरुत्थानाला 'गेनरायझिंग'. १५५७ मध्ये एका पत्रात त्यानं बजावलं की इंग्रजी शुद्ध ठेवली नाही आणि उधारी फेडली नाही, तर तिचं दिवाळं निघेल. या इशाऱ्यात त्यानं वापरलेले 'प्युअर' आणि 'बँकरप्ट' हे शब्दच फ्रेंच-इटालियन वाटेनं आलेले होते. शिवाजी महाराजांनी फारसीऐवजी संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, त्यामागे निदान राज्य चालवण्याची निकड होती. चीकच्या मागे फक्त चीक होता.

पण शुद्धिवाद्यांच्या तक्रारीत एक गोष्ट खरी होती. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रीनं पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश काढला. त्यात फक्त अडीच हजार 'कठीण' शब्द होते आणि तो स्त्रिया व कमी शिकलेल्यांसाठी आहे, असं मुखपृष्ठावरच छापलं होतं. म्हणजे पहिला इंग्रजी शब्दकोश इंग्रजांनाच इंग्रजी समजावण्यासाठी लागला. विद्वानांनी आणलेल्या शब्दांनी भाषा श्रीमंत केली आणि तिच्या आत एक कुंपणही घातलं. डॉक्टरच्या आणि विमा कंपनीच्या कागदासमोर आजचा साधा इंग्रज त्याच कुंपणाबाहेर उभा असतो.

कोकणपट्टीवरून

१६०० साली ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली आणि नातं उलटलं. आता इंग्रज आधी व्यापारी आणि मग मालक झाला.

पश्चिम किनाऱ्यावर तो पोहोचला तेव्हा बाजाराची भाषा पोर्तुगीज होती. 'मँगो', 'कास्ट', 'आया', 'पीऑन' हे शब्द इंग्रजीला त्याच वाटेनं मिळाले. मराठीलाही त्याच जहाजांनी 'पाव', 'साबण', 'चावी', 'काजू', 'बादली' दिले. आपला 'बटाटा' आणि त्यांचा 'पोटॅटो' हे तर सख्खे भाऊ. दोघंही कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतले, स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या हातून निघालेले.

मराठी मुलखाचा या खात्यातला वाटा लहान आहे, पण नेमका आहे. कंपनीचा सर्जन जॉन फ्रायर १६७० च्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर फिरला. १६९८ मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात 'मंगूज' भेटतो, म्हणजे आपला मुंगूस. मुंबईच्या डोंगरीचं नाव एका जाड्याभरड्या सुती कापडाला मिळालं आणि त्यातून 'डंगरी' हा कामगारांचा पोशाख जगभर गेला. बोंबील 'बमलो' होऊन शब्दकोशात बसला. 'टँक'च्या व्युत्पत्तीत मराठी 'टाकं' आणि गुजराती 'टांकुं' पोर्तुगीज शब्दाशी मिसळलेले आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटननं चिलखती लढाऊ गाडी बांधली तेव्हा गुप्तता राखण्यासाठी ती पाण्याची टाकी असल्याचं भासवलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी ती सोमच्या रणांगणावर उतरली आणि ते खोटं नावच कायमचं चिकटलं.

नाशिकजवळच्या देवळालीचं नाव मात्र चमत्कारिक कारणानं गेलं. तिथे ब्रिटिश लष्कराची छावणी होती. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जायच्या जहाजाची वाट पाहत तिथं पडून असत. जहाजं ठराविक मोसमातच सुटत. मोसम हुकला तर महिनोन् महिने काम नाही, हुद्दा नाही, फक्त उन्हाळा. माणसं चमत्कारिक वागू लागत. त्या अवस्थेला शिपाई 'डूलाली टॅप' म्हणू लागले. देवळाली आणि ताप. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानं १९३६ च्या आठवणींत हे नोंदवलं आहे. आज देवळाली कधी न ऐकलेला इंग्रजही डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतो.

या मुलखातून आणि एकूण हिंदुस्तानातून गेलेले शब्द एकत्र ठेवून पाहा: 'लूट', 'ठग', 'कूली', 'पंडित', 'बंगलो', 'व्हरांडा', 'पजामा', 'चिट', 'खाकी', 'शॅम्पू', 'जंगल'. कापड, खाणं, घर, नोकर, छावणी आणि लुटालूट. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये असे शब्द 'हॉब्सन-जॉब्सन' या जाडजूड कोशात गोळा केले. हे नावच मोहरममधल्या 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचं गोऱ्या शिपायांनी केलेलं विडंबन आहे. डॅनिश शेजाऱ्यांकडून सर्वनामं आली, फ्रेंच मालकांकडून न्याय आला, लॅटिन गुरूकडून शास्त्र आलं आणि आपल्याकडून सामानसुमान गेलं. इंग्रज इथे दोनशे वर्षं राहिला, पण आपल्याशी बरोबरीनं राहिला नाही, हे इतिहासाच्या पुस्तकाइतकंच शब्दकोशातूनही कळतं.

अपवाद होता. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला आणि त्यानं मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं. तो सुटे शब्द वेचत बसला नाही, अख्खी भाषा शिकला. त्याच्या वाटेनं फार थोडे इंग्रज गेले.

कोशाची हद्द

फ्रान्सनं १६३५ मध्ये भाषेवर पहारा ठेवायला अकादमी काढली. इंग्लंडमध्ये जोनाथन स्विफ्टनं १७१२ मध्ये तशीच मागणी केली, पण ती फळली नाही. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ चा आपला मोठा शब्दकोश सहा मदतनिसांच्या हातभारानं उभा केला, आणि तोही भाषा एका जागी बांधून ठेवता येत नाही, याच निष्कर्षाला आला.

पुढचा मोठा प्रयत्न ऑक्सफर्डचा. १८७९ मध्ये संपादक झालेल्या जेम्स मरेनं इंग्रजी वाचणाऱ्या सगळ्यांना आवाहन केलं की पुस्तकं वाचा, शब्दांचे दाखले कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवा आणि पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. १८८४ मध्ये पहिला भाग निघाला आणि १९२८ मध्ये काम पुरं झालं तेव्हा चार लाखांहून जास्त शब्द आणि अठरा लाखांहून जास्त अवतरणं भरली. मरे १९१५ मध्येच गेला होता. इंग्रजीला केंद्र ठरलेलं आहे पण परीघ नाही, ही त्याची भूमिका होती, त्यामुळे दूरदेशीचे शब्द त्यानं टीका सोसून घेतले. उलट, १९७२ ते १९८६ दरम्यान पुरवण्या काढणाऱ्या रॉबर्ट बर्चफील्डला जगभरच्या इंग्रजीचा पुरस्कर्ता मानलं गेलं. पण सेरा ओगिल्वी या अभ्यासिकेनं २०१२ मध्ये दाखवून दिलं की १९३३ च्या पुरवणीतले असे सुमारे १७ टक्के शब्द त्यानंच गाळले होते. उदारपणाची ख्याती आणि हिशेब यांचा मेळ इथेही बसत नाही.

मरे ज्याला केंद्र म्हणत होता, ते कुठलं? इंग्रजीत सर्वांत जास्त वापरले जाणारे शंभर शब्द घेतले तर ते जवळजवळ सगळे जुन्या इंग्रजीचे निघतात आणि उरलेल्यांत डॅनिशांचे मोजके. कोशातले तीन चतुर्थांश शब्द बाहेरचे असले, तरी वाक्य उभं राहतं ते घरच्या शब्दांवर. क्रियापदांचा सांगाडा, अव्ययं, संख्या, आई-बाप, हात-पाय, खाणं-पिणं हे तिनं राखलं. फ्रेंच येत नसलेल्या लाखो शेतकऱ्यांनी ते राखलं, आणि ते राखल्यावर बाकी कितीही घेता आलं.

मराठीपुढचा प्रश्न याच हिशेबानं मांडायला हवा. 'मोबाइल' म्हणावं की 'भ्रमणध्वनी', यावर आपण जितकी शाई खर्च केली तितकी मराठीतून काय काम चालतं यावर केलेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंद झाला. पण उच्च न्यायालयाचं कामकाज संविधानाच्या ३४८ व्या कलमानुसार इंग्रजीतच चालतं. वैद्यक आणि अभियांत्रिकीचं शिक्षण बहुतांश इंग्रजीतच होतं. गावोगावच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत. इंग्रजीच्या हजार वर्षांवरून दिसतं ते इतकंच की परक्या शब्दांनी भाषा मरत नाही. कामं काढून घेतल्यावर ती खुरटते, आणि कामं परत मिळाली की उसन्या शब्दांसकट तगडी होते. तेव्हा परक्या शब्दांची झडती थोडी कमी करू या. आपला करारनामा, निकालाची प्रत, औषधाच्या पाकिटातला कागद आणि मुलाचं विज्ञानाचं पुस्तक मराठीत मागू या, आणि ते मिळेपर्यंत मागत राहू या.